टिपेला कानस लावणारा मी

हॉस्टेलवर कोणी "आयर्न आहे का बे?" विचारलं की पोरं माझ्या रूमकडे बोट दाखवायची. (कपड्यांची इस्त्री नव्हे बरं का, सोल्डरिंगची!) माझ्याकडे होतं शंभर रुपयांचं दोन पिनांचं आयर्न आणि अफाट आत्मविश्वास. त्या जोरावर सहाव्या सेमिस्टरला रूममेटच्या प्रोजेक्टचा एसटीएम३२ बसवायला घेतला. पाय ४८, एका पायापासून दुसरा अर्ध्या मिलिमीटरवर! टिप जाड वाटली म्हणून कानशीनं घासून सुईसारखी केली. मग ती कथीलच धरेना. मी दाबत राहिलो आणि दोन पॅड सालपटासारखे उचलून आले. पोटाला चिमटा काढून बनवून घेतलेला बोर्ड होता त्याचा. तो काहीच बोलला नाही. फक्त मेसमध्ये दुसऱ्या टेबलावर बसायला लागला.

शनिवारी अकोल्याची एसटी धरली. (याच रस्त्यावर २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. मला मात्र प्रवास लांबच लांब वाटला.) अकोल्यात मामा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. त्यांनी टिप पाहिली.

"अबे भाच्या, याले कानस लावली तू?"

जुन्या टिपा नुसत्या तांब्याच्या असत, त्या घासत. आताच्या टिपेत तांब्यावर लोखंडाचा पातळ थर असतो. तो गेला की वितळलेलं कथील तांबं खात सुटतं. ती ओल्या स्पंजावर पुसायची आणि ठेवताना कथील लावूनच ठेवायची.

"मग किती वॅटचं घेऊ?"

"वॅटनं काय होते? गरमी ताब्यात पायजे."

६०/४० चं कथील १८३ अंशांना वितळू लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं. माझं आयर्न ताब्याविना तापत राहून ४०० च्या वर जाई, पॅडचा गोंद सोडवी. मामांच्या स्वतःच्या २५ वॅटच्या सोल्ड्रॉनला एक १एन४००७ डायोड सिरीजमध्ये होता, बाजूला स्विच. काम नसताना अर्धीच पॉवर. हे जुगाड मला फार आवडलं, पण मामा म्हणाले, "बारीक कामाले हे नाही चालत."

स्टेशनची किंमत ऐकून दुकानातून मागे फिरलो होतो. शेवटी साडेचारशेत ६० वॅटचं, मुठीवर तापमानाची चकती असलेलं घेतलं. मामांनी आधी तीन पिनांचा प्लग पाहिला, मग त्याच्या सुट्या टिपा मिळतात का ते विचारलं. मी सुईसारखी टिप मागितली तर हसले. सुईच्या टोकातून उष्णता पोचतच नाही. छोटी छिन्नीसारखी बरी. ०.५ मिलिमीटरची तार आणि राळेचा फ्लक्स घेतला. चकतीवरच्या आकड्यावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

दोन आठवडे एका मेलेल्या मदरबोर्डावर हात बसवला. रूममेट पाहत होता. एका रात्री त्यानं नवा बोर्ड माझ्या टेबलावर ठेवला, न बोलता.

चकती ३२० वर. १७ आणि १८ नंबरचे पाय चिकटलेच! फ्लक्स लावला, टिप पुसून हलकेच ओढली, जास्तीचं कथील तिच्यावर आलं. दीड वाजता एलईडी लुकलुकला.

"चाल बे," तो म्हणाला, "बडनेरा स्टेशनवर चहा पिऊन येऊ."