दोन भिंती, एक माप

बारावीच्या निकालानंतर आमच्या घरात बोलणे जवळजवळ बंद झाले होते. थोरला गणितात नापास झाला आणि आम्ही दोघेही शिक्षक. घोटीच्या बाजारात कुणी "काय झालं पोराचं?" असे विचारले की त्याच्यापेक्षा आमचीच अब्रू गेल्यासारखे वाटायचे. तो दस्तरखानावर बसायचा, दोन घास खायचा आणि उठून जायचा.

एके दिवशी त्याने दादीला मोबाइलवर एक चित्र दाखवले. पाण्याच्या थेंबासारखी, मोटारीमागे जोडून न्यायची छोटी गाडी. आत दोघांना झोपण्यापुरती जागा, मागचे झाकण उचलले की स्वयंपाकाचा ओटा. अमेरिकेत 1930च्या दशकापासून लोक अशा गाड्या घरी बनवत आले आहेत. दादीचे गुडघे दुखतात, कुठे गेले तरी पाठ टेकायला जागा लागते. त्या म्हणाल्या, "अशी गाडी असेल तर मी भंडारदऱ्याला येईन." आम्ही होकार दिला. त्या निमित्ताने तरी पोरगा बोलेल, एवढीच आशा होती.

बाजूच्या दोन भिंतींसाठी आठ बाय चार फुटांचे दोन प्लाय आणले. थेंबाची गोलाई काढायला आम्ही कंपास आणि आलेख-कागद घेऊन बसलो. अर्ध्या तासाने थोरल्याने प्लायवर चार-पाच खिळे ठोकले, बांबूची लवचिक कामटी त्यांना टेकवून वाकवली आणि पेन्सिल फिरवली. एका दमात सुरेख रेघ! गणितात नापास झालेले पोर ते हेच.

शेजारच्या मिस्त्रीचाचांनी दोन्ही प्लाय एकमेकांवर ठेवून शिकंज्यांनी आवळले आणि एकदमच कापले. "वेगवेगळे कापले की फरक पडतोच," ते म्हणाले. एक भिंत अर्धा इंच जरी कमी-जास्त झाली तरी वरचे छत पिळवटते आणि मागचे झाकण नीट बसत नाही. दरवाजाचे कोपरे त्यांनी गोल कापले, कारण चौकोनी कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. कापून निघालेला तुकडा जपून ठेवला. त्याचाच दरवाजा होणार होता.

"कडांना आजच प्रायमर लावू," थोरला म्हणाला. "प्लाय पाणी कडेनं पितो."

जून अर्धा सरला होता. जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरला होता. आम्ही म्हणालो, "ते राहू दे. आधी पुस्तक उघड." तो काही न बोलता आत गेला.

त्याच आठवड्यात आपला घोटीचा पाऊस लागला. पडवीत उभ्या केलेल्या भिंतींना खालून ओल लागली. आठ दिवसांनी पाहिले तर कडा फुगून प्लायचे पदर सुटले होते. थोरल्याने फक्त बोट फिरवून पाहिले. "सांगितलं होतं" असे तो म्हणाला नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागले.

मगरिबनंतर चहाच्या वेळी आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, चूक आमची होती." वर्गात आणि घरात इतकी वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढल्या, हे वाक्य तोंडातून निघायला वेळ लागला. त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाला, "अब्बा, वरचा भाग वाया गेलेला नाही. साचा म्हणून वापरू."

दुसऱ्या खेपेला पाण्यात टिकणारा प्लाय आणला. कापल्या दिवशीच कडांना तीन हात दिले. आतून लाकडी पट्ट्यांची चौकट, पट्ट्यांमध्ये थर्माकोल आणि वर पातळ प्लाय, म्हणजे ऊन-थंडी कमी लागेल. रोज दोन तास भिंती आणि दोन तास गणित, हे वेळापत्रक त्यानेच केले.

परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे. गाडीला चाकेही लागायची आहेत. कायद्याने ट्रेलर हेही वाहनच, त्यामुळे आरटीओत नोंदणी झाल्याशिवाय तो रस्त्यावर काढायचा नाही, हे सगळ्यांना बजावले आहे.

सध्या भिंती पडवीत चौकटीवर उभ्या आहेत. दुपारी दादी मधे गादी टाकून पडतात. पावसाची सर आली की थोरला जाऊन कडांवरून हात फिरवतो. आम्ही दारातूनच विचारतो, "कोरड्या आहेत का रे?" आणि तो उत्तर देतो.