निबंध : आमची मासे पकडण्याची सहल



'सहल' या विषयावरचे निबंध आपण पुष्कळ वाचले आणि लिहिले. बस निघते, गाण्यांच्या भेंड्या होतात, डबे उघडतात आणि 'असा आमचा दिवस आनंदात गेला' असं म्हणून निबंध संपतो. आज मी माझ्याच एका सहलीबद्दल लिहिणार आहे. ती कशी आखली, खर्च किती आला, हे सगळं सांगतो, म्हणजे तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल. पण ती सहल का काढावी लागली, ते आधी सांगायला हवं.

माझा मुलगा सहावीत शिकतो. माझ्या शाळेत नाही, दुसऱ्या शाळेत. सहामाही परीक्षेचा मराठीचा पेपर त्याने सहीसाठी घरी आणला. निबंधाचा विषय होता 'माझे बाबा'. दहा ओळी लिहायच्या होत्या. दहापैकी नऊ गुण मिळाले होते. मी खुशीत वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला थांबलो. 'माझे बाबा मला दर रविवारी फिरायला नेतात.' पुढे, 'ते माझे सर्वांत जवळचे मित्र आहेत.'

ही वाक्यं माझीच होती. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या वर्गाला एक नमुना निबंध लिहून दिला होता, त्यातली. एक शब्दही बदललेला नव्हता.

आता खरं सांगतो. रविवारी मी वह्या तपासतो, नाहीतर शिष्यवृत्तीचे जादा तास घेतो. कधी मतदार यादीचं काम असतं. त्या मुलाला घेऊन मी शेवटचा कधी फिरायला गेलो होतो, ते मला आठवेना. मी पेपरावर सही केली आणि काही बोललो नाही. रात्री हिला दाखवलं. ती म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत दोघंच जा कुठेतरी. मी येत नाही. मी आले की तुम्ही पेपर घेऊन बसाल."

मुलाला विचारलं, "कुठे जायचं?" तो लगेच म्हणाला, "मासे धरायला. आणि गाडीतच झोपायचं." त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता. परदेशात लोक मोठ्या गाडीत पलंग, शेगडी, सगळं घेऊन फिरतात आणि तळ्याकाठी गळ टाकून बसतात, तसला.

गाडीचं घर

आपल्याकडेही अशा गाड्या मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण त्या गाडीचं एका दिवसाचं भाडं ऐकलं आणि मी गप्प बसलो. आमचं अंदाजपत्रक होतं एकूण चार हजार रुपये, तीन दिवसांसाठी.

मेव्हण्याकडे एक जुनी आठ सीटची ओम्नी आहे. तिच्यात मागच्या सीटा समोरासमोर असतात. मधल्या जागेत भाजीचे चार क्रेट पालथे घातले, सीटांच्या उंचीपर्यंत आणले आणि वर प्लायवूडचा तुकडा टाकून गादी पसरली. झाला पलंग. गाडीत काही कापलं नाही की ठोकलं नाही. गाडीत कायमचा बदल करायचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, तेव्हा ती भानगडच नको. जुन्या साडीचे पडदे शिवले. दोन खिडक्यांना मच्छरदाणीचं कापड चिकटपट्टीने लावलं. पाण्याचा वीस लिटरचा कॅन, बॅटरी, औषधांचा डबा आणि एक छोटी शेगडी घेतली.

पालकांनो, दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. शेगडी कधीही गाडीत पेटवायची नाही. आणि इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. खिडकी बोटभर उघडी राहिलीच पाहिजे.

जागा आणि वेळ

आम्ही कराडला राहतो. कोयनेचं पाणी जवळ आहे, पण धरणातल्या मासेमारीचे ठेके दिलेले असतात. आपण मनाला येईल तिथे गळ टाकायचा नाही. चिपळूणला वाशिष्ठी नदी आहे, पण तिच्यात मगरी आहेत. लहान मुलाला घेऊन तिच्या काठावर बसणं हा शहाणपणा नव्हे. म्हणून आम्ही आणखी पुढे जायचं ठरवलं. गुहागर तालुक्यात धोपावे गाव आहे, दाभोळ खाडीच्या काठी. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि मग खाडी. एका बाजूचं अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास.

दिवस कोणता निवडायचा, हे काम मी मुलाकडे दिलं. खाडीत मासे लागतात ते भरतीच्या पाण्याबरोबर. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ कॅलेंडरवरून तोंडी काढतात. रीत सोपी आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करायची. येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी आणि पुन्हा सहा तासांनी भरती.

आमचे चिरंजीव अपूर्णांकाला घाबरतात. त्याच सहामाहीत गणिताला त्यांना निम्मेसुद्धा गुण नव्हते. पण इथे कॅलेंडर, पेन्सिल आणि वही घेऊन ते जमिनीवर पालथे पडले. "बाबा, षष्ठीला सहा गुणिले तीन छेद चार, म्हणजे अठरा छेद चार, म्हणजे साडेचार!" वर्गात ज्याच्यासाठी मी घसा कोरडा करतो, ते त्याने न सांगता केलं.

अमावास्या आणि पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या सुमारास पाणी मंद असतं, त्याला भांगाचं पाणी म्हणतात. मुलं बरोबर असतील तर हेच दिवस बरे. म्हणून कार्तिक शुद्ध पंचमीला निघायचं, षष्ठीचा पूर्ण दिवस खाडीवर आणि सप्तमीला परत, असं ठरलं. पावसाळ्यात हा बेत करूच नका. समुद्र खवळलेला असतो. शिवाय बऱ्याच माशांचा तो अंडी घालण्याचा काळ. म्हणूनच १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते.

खाडीवरचा पहिला दिवस

सामान आम्ही चिपळूणला घेतलं. तंगूस म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, दहा-बारा छोटे गळ, शिशाच्या गोळ्या. काठीबिठी काही घेतली नाही. तंगूस पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळला की हातानेच टाकता येतो. आमिष म्हणून कोळंबी. धोपाव्यात एका घरी विचारलं, अंगणात गाडी लावू का? त्यांनी रात्रीचे दोनशे रुपये सांगितले, त्यात न्हाणीघर आणि संडास वापरायची सोय. असं विचारूनच मुक्काम करावा. कुणाच्याही बागेत नाहीतर किनाऱ्यावर गाडी घुसवू नये.

दुपारी आम्ही धक्क्यावर बसलो. मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट होतं, ते त्याच घरातून मागून आणलं होतं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आधीच बसलेले. ते म्हणाले, "गरवायला आलात काय?" तिकडे गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणं. मुलाने हा शब्द लगेच वहीत लिहून घेतला.

मी मात्र शिकवायला लागलो. भरती कशामुळे येते, चंद्राचं आकर्षण काय करतं, वगैरे. दहा मिनिटांनी आजोबा म्हणाले, "गुरुजी, आता शाळा सोडा. माशाला काय कळतंय त्यातलं?" मुलगा खुदकन हसला. मलाही हसू आलं.

तेवढ्यात फोन वाजला. शाळेतून होता. काहीतरी माहिती आजच ऑनलाइन भरायची होती. मी उठून बाजूला गेलो, म्हटलं दोन मिनिटं. ती वीस मिनिटं झाली. परत आलो तर मुलाच्या हातात नुसता तुटलेला तंगूस. मोठा मासा लागला होता म्हणे. त्याने मला दोन हाका मारल्या होत्या. आजोबा धावेपर्यंत तंगूस खडकाला घासून तुटला.

मी म्हणालो, "अरे, सॉरी रे." तो गळ बांधता बांधता म्हणाला, "असू दे बाबा. नेहमीचंच आहे." रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाला. मित्रांनो, तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

गाडीतली रात्र

रात्री शेगडीवर खिचडी केली. जेवून गाडीत आडवे झालो. बाहेर रातकिडे, लांबून पाण्याचा आवाज. अंधारात बोलणं सोपं जातं, म्हणून मी विचारलं, "तो निबंध तू माझ्या कागदावरून लिहिलास ना?"

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "हो. पण मी कॉपी नाही केली, पाठ केला होता."

"मग स्वतःच्या मनाने का नाही लिहिलास?"

"खरं लिहिलं असतं तर पाचच ओळी झाल्या असत्या. दहा पाहिजे होत्या."

मी छताकडे बघत पडलो. पंधरा वर्षं मी मुलांना दहा ओळी लिहायला शिकवतोय. त्या खऱ्या आहेत की नाहीत, हे कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. जरा वेळाने मी म्हणालो, "त्या पाच कोणत्या होत्या?" उत्तर आलं नाही. तो झोपला होता, की झोपल्यासारखं करत होता, कोण जाणे. मी पुन्हा विचारलं नाही.

षष्ठी, साडेचार

दुसऱ्या दिवशी फोन गाडीत कुलपात ठेवला. अकराच्या सुमाराला पाणी चढायला लागलं आणि आम्ही बसलो. कुणी काही बोलत नव्हतं. माझे चार गळ खडकात अडकून गेले. मुलाला आधी बोटभर मासा लागला, तो त्याने आजोबांच्या सांगण्यावरून परत सोडला. मग एक शिंगाळा आला. या माशाच्या काट्यापासून जपायचं असतं. तो टोचला तर वेदना फार होतात. हात न लावता पक्कडीनेच गळ सोडवावा. आणि भरती संपायच्या बेताला एक तळहाताएवढी तांबोशी.

या वेळी त्याने हाक मारली नाही. मी शेजारीच होतो. त्याने तंगूस ओढला, मी फक्त त्याच्या कमरेला धरून ठेवलं.

चार वाजून दहा मिनिटांनी तो म्हणाला, "बाबा, पाणी उतरायला लागलं. गणित चुकलं की काय?" आजोबा म्हणाले, "ते अंदाजाचं गणित आहे बाळा. बंदराबंदराचं पाणी वेगळं." त्याने वहीत साडेचारच्या पुढे '४.१० (पाहिले)' असं लिहिलं. कंसातला तो शब्द मला फार आवडला. संध्याकाळी घरच्या मावशींनी दोन्ही मासे तव्यावर भाजून दिले.

हिशेब

सप्तमीला परत येताना चिरंजीवांनी हिशेब मांडला, तो असा :

पेट्रोल, २२ लिटर : २,३१० रुपये
गळ, तंगूस, शिसं : २१० रुपये
कोळंबी : १२० रुपये
घरून नेलेला शिधा : ४३० रुपये
अंगण, दोन रात्री : ४०० रुपये
चहा, वडापाव, किरकोळ : २१४ रुपये
एकूण : ३,६८४ रुपये
शिल्लक : ३१६ रुपये

खाली त्याने भागाकारही केला होता. "बाबा, मासे तीन. म्हणजे एक मासा १,२२८ रुपयांना पडला!" आणि घाट संपेपर्यंत तो हसत होता.

पालकांनो, तुम्ही म्हणाल, एवढ्या पैशात बाजारातून पाटीभर मासे आले असते. बरोबर आहे. तुम्हाला खाडी लांब पडत असेल तर परवानगी घेऊन गावच्या ओढ्यावर जा, गाडी नसेल तर एसटीने जा. पण बेत मुलाला करू द्या, हिशेब त्याच्याकडे द्या आणि फोन कुलपात ठेवा. बाकी काही कमी पडलं तरी चालतं.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. सुट्टीनंतर मी वर्गात 'माझे बाबा' हाच विषय दिला, पण नमुना दिला नाही. सांगितलं, ओळी मोजणार नाही, स्वतः पाहिलेलं तेवढंच लिहा. एका मुलीने चारच ओळी लिहिल्या. तिचे वडील रात्रपाळी करून सकाळी येतात, चप्पल हातात घेऊन घरात शिरतात, म्हणजे ती जागी होऊ नये. ती रोज जागीच असते. मी तिला दहापैकी दहा दिले.

माझ्या मुलाच्या त्या पाच ओळी मला अजून माहीत नाहीत. पुढची पंचमी-षष्ठी त्याने कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवली आहे. यंदा सहावी ओळ तरी झाली असेल, असं धरून चालतो.