चाकाचे माप

धर्मगुरूने रबरी टायरांविषयी लिहावे, हे आमच्या काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या धर्मग्रामाचे पाडे डोंगरउतारांवर दूरदूर विखुरलेले असतात, तेथे वेदीच्या खालोखाल मोटारगाडीचीच काळजी वाहावी लागते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात आम्ही सेवा केली, त्या वर्षांत पाड्यांवर मिस्सेला जाणे, सिस्टरांच्या दवाखान्याची औषधे पोहोचविणे आणि पावसाळ्याच्या रात्री अडलेली बाळंतीण सरकारी रुग्णालयात नेणे, ही तिन्ही कामे एकच गाडी करीत असे.

ही गाडी म्हणजे एक बोलेरो. वसईच्या एका सुखवस्तू कुटुंबाने ती मिशनला अर्पण केली होती. घरातील धाकटा मुलगा आखातात नोकरीस. त्याने पूर्वी हौसेने ती दोन इंच उचलून घेतली होती. म्हणजे स्प्रिंगांची उंची वाढवून गाडीचा सांगाडा चाकांपासून वर नेला होता. सुट्टीवर आला असता तो आम्हांला भेटला आणि म्हणाला, "फादर, गाडी उचलली खरी, पण चाके लहानच राहिली. एकतीस इंची टायर आणि दहा इंच रुंदीच्या रिमा मी देतो. चाके अशी बाहेर आली ना, की गाडी सिंहासारखी दिसेल."

त्याचे मन निर्मळ होते आणि हात मोकळा होता. दान मागणे धर्मगुरूला सवयीने जमते, आलेले दान थांबवून "हे आम्हांला मानवेल काय?" असे विचारणे मात्र फार जड जाते. दात्याचे मन दुखावण्याची भीती एका बाजूला, आणि त्या गाडीत बसणाऱ्या माणसांचा जीव दुसऱ्या बाजूला. आम्ही त्याला आठ दिवस थांबावयास सांगितले व आमच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना गाठले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविज्ञान शिकलो; टायरावरील अक्षरे कशी वाचावीत, हे मात्र ह्या मिस्त्रींनी शिकविले.

आमच्या गाडीच्या टायरावर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले होते. २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ७५. 'आर' हे आतील धाग्यांच्या रेडियल बांधणीचे चिन्ह. आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. हिशेब केला, तर उभ्या चाकाची उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते. एकतीस इंची टायर ७८७ मिलिमीटरचा. फरक ८४ मिलिमीटर. पण गाडी उंचावते ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे ४२ मिलिमीटरने, कारण निम्मी वाढ आसाच्या खाली होते आणि निम्मी वर.

येथे मिस्त्रींनी आम्हांला गाडीखाली वाकावयास लावले. मागच्या आसाच्या मधोमध डिफरन्शियलचा गोल डबा असतो. खडकाला प्रथम लागतो तो हाच. "फादर, स्प्रिंगा कितीही उंच करा, हा डबा जागचा हलत नाही. त्याला वर नेतो तो फक्त मोठा टायर," ते म्हणाले. तेव्हा त्या तरुणाचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. मोठ्या टायराची आम्हांला गरज होती. किती मोठा आणि किती रुंद, एवढाच प्रश्न होता.

रुंदीचे गणित उंचीहून नाजूक असते. प्रत्येक टायरला रिमच्या रुंदीची एक ठरावीक मर्यादा असते. साडेदहा इंच रुंदीच्या त्या एकतीस इंची टायरला सात ते नऊ इंचांची रिम लागते. आमची मूळ रिम सहा इंचांची. ती त्याला अपुरी. तरुणाने निवडलेली दहा इंचांची. ती त्याच्याच टायरला जास्त. रिम अरुंद असली, की टायर फुगतो, मध्यभागी झिजतो आणि वळणावर डुलतो. रिम अतिरुंद असली, की टायरच्या भिंती ताणल्या जातात, रिमची कड उघडी पडून दगडावर आपटते, आणि हवा कमी झाल्यास टायर रिमवरून निसटू शकतो. शिवाय चाक जितके बाहेर सरकते, तितका बेअरिंगांवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हातातून हिसका मारते. दिसण्यात सिंह, परंतु चालकाच्या मनगटाला विचारावे.

आमची अशी समजूत होती, की टायर रुंद म्हणजे जमिनीवर पकड अधिक. मिस्त्रींनी ती दुरुस्त केली. गाडीचा भार मुख्यतः टायरमधील हवा पेलते. एका चाकावर ५०० किलो भार असेल आणि हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २ किलो असेल, तर टायरचा सुमारे २५० चौरस सेंटीमीटर भाग जमिनीला टेकतो. टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर हे क्षेत्र फारसे वाढत नाही. त्याचा आकार तेवढा आडवा होतो. अर्नाळ्याच्या वाळूत दाब उतरवून चालविताना रुंद टायर तरतो, हे खरे. परंतु आमच्या पाड्यांच्या वाटेवर वर वीतभर चिखल आणि खाली घट्ट मुरूम. तेथे अरुंद टायर चिखल कापून तळ गाठतो. रुंद टायर वरच्यावर घसरतो. डांबरी रस्त्यावर पाणी साचले असता पाण्यावर तरंगण्याचा धोकाही रुंद टायरालाच अधिक.

मोठ्या चाकाची किंमत दुकानात एकदा मोजून संपत नाही, ती रोज मोजावी लागते. चाक मोठे झाले, की इंजिनाला तेच वजन ओढावयास अधिक बळ लागते. घाटात गाडी दमते. ब्रेकचेही तसेच. वेगदर्शक काटाही फसवितो. एकतीस इंची टायरवर काटा ६० दाखवील, तेव्हा गाडी खरोखर ६७ च्या वेगाने धावत असेल. आणि स्टेपनी? ती जुन्याच मापाची ठेवून चालत नाही. म्हणजे चार नव्हे, पाच टायर.

हे सारे आम्ही त्या तरुणाला कागदावर दाखवू शकलो असतो. पण कागदापेक्षा रस्ता अधिक बोलतो. रविवारी आम्ही त्याला एका दूरच्या पाड्यावर मिस्सेसाठी बरोबर नेले. परत निघताना एक म्हातारी दवाखान्यात यावयाची होती. उचललेल्या गाडीच्या दारापर्यंत तिचा गुडघा पोहोचेना. तिला दोघांनी काखेत धरून वर चढविले. वेदनेने तिने डोळे मिटले. तो तरुण खाली उतरला, एक धोंडा शोधून दाराशी ठेवला आणि तिच्या सुनेला म्हणाला, "मावशी, तुम्ही ह्यावर पाय ठेवा." वाटेत बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "फादर, आणखी उंच केली, तर ही माणसे चढणार कशी?"

त्या संध्याकाळी आम्हांला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील दावीद आठवला. शौल राजाने त्याला आपले चिलखत घातले. दान राजाचे होते आणि मनापासून होते. परंतु त्या पोराला त्यात चालता येईना. त्याने ते अंगावेगळे केले आणि ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे निवडून घेतले. शौलाचा अवमान करावा, असे त्याच्या मनात नव्हते. समोरचे काम काय आहे आणि आपले अंग किती आहे, हे त्याने ओळखले, इतकेच. संत थॉमस अक्वायनस विवेकाला चार प्रमुख सद्गुणांत अग्रस्थान देतात. सेमिनरीत आम्ही ते पाठ केले होते. दहा इंची रिमांसमोर उभे राहिल्यावर त्याचा अर्थ नीट उमगला.

अखेर निवड झाली ती २३५/७५ आर १५ ह्या टायरांची. उंची ७३३ मिलिमीटर. म्हणजे डिफरन्शियलखाली १५ मिलिमीटर अधिक जागा. ऐकावयास थोडी, पण आमच्या वाटेवरील बरेच दगड तेवढ्याने चुकतात. ह्या टायरला सहा ते आठ इंचांची रिम चालते, म्हणून आमच्या मूळ सहा इंची लोखंडी रिमाच पुन्हा वापरता आल्या. भार पेलण्याचा आकडा १०५, म्हणजे प्रत्येक टायरला ९२५ किलो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून आधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा केली, विमा कंपनीला कळविले, आणि दोन्हीकडून होकार आल्यावरच टायर बसविले. मिस्त्रींनी एक पुढचे चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळविले आणि टायर कोठे घासत नाही ना, हे पाहिले. मगच गाडी ताब्यात दिली.

वाचलेल्या पैशांतून त्या तरुणाने दोन्ही बाजूंना रुंद पायदान आणि दाराशी धरावयास भक्कम दांडा बसवून दिला. हे त्याला कोणी सुचविले नव्हते.

आपल्या घरांतील मुलेही आज गाड्या उचलतात, चाके मोठी करतात. पालकांनी त्यांच्यावर लगेच रागावू नये. हौस हे पाप नव्हे. त्यांच्या शेजारी बसून इतकेच विचारावे: ही गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार? तिच्यात कोण बसणार? आणि ह्या एका बदलाचा भार आणखी कोणाकोणावर पडणार? मुलगा उत्तरे शोधू लागला, की माप त्याचे त्यालाच सापडते.

आमच्या चालकाने वेगदर्शकाखाली एक चिठ्ठी चिकटविली होती: "काटा ६०, खरा वेग ६३." येशूच्या पवित्र हृदयाच्या चित्राशेजारीच ती होती, आणि ती तेथे आम्हांला कधीही विसंगत वाटली नाही.