काळजाची जागा

गिरगावच्या आमच्या चाळीत ‘काळजावर हात ठेवून सांग’ म्हटले, की हात डाव्या छातीवर जाई. वास्तविक ‘काळीज’ म्हणजे मुळात यकृत, ते उजवीकडे. वडिलांच्या अलिंदांची लय विस्कटली आणि विजेचा झटका देण्याचे ठरले, तेव्हा एक पट्टी उजवीकडे गळ्याच्या हाडाखाली लागली, दुसरी डाव्या काखेखाली. प्रवाह अलिंदांमधून जावा, एवढाच हेतू. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये ही पद्धत मांडली. जागेचा वाद पुढेही राहिला. २००२ च्या जर्मन अभ्यासात छाती-पाठ ही जोडी सरस ठरली, २०२१ च्या डॅनिश अभ्यासात छाती-काख. हृदयाची जागा ठाऊक आहे असे मानूनच आपली भाषा बोलते. वैद्यक अजून मोजून पाहते आहे. त्या मोजण्यामुळेच वडिलांचे ठोके पुन्हा तालावर आले.