मुक्काम पोस्ट सुपा

रामनगरहून जगलबेटमार्गे जोयड्याकडे निघालं की जंगल दाट होत जातं आणि गाडीतला एफएम खरखरू लागतो. त्याच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आला की अडल्या. आजच्या मुलांना वाटतं, इथे रेडिओ कधी नव्हताच. पण याच तालुक्यात, माझ्या आजोळी, रात्री इतकी स्टेशनं लागायची की कुठलं ठेवायचं यावरून मामा-मावश्यांची भांडणं व्हायची.

ही मीडियम वेव्हची किमया. दिवसा ती जवळपासच ऐकू येते, पण अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर पोचते. मग धारवाड, पणजी, कधी मुंबईही. धारवाड केंद्र १९५० सालचं. कानडी न समजणारी आजीसुद्धा मल्लिकार्जुन मन्सूरांसाठी ते लावायला सांगे. हा भाग १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, कचेरीतले कागद कानडी झाले. घरातली मराठी टिकायला रात्रीच्या पणजी-मुंबईची मोठी मदत झाली, असं मला वाटतं.

मामाचं खरं वेड मात्र रेडिओ सिलोन, शॉर्ट वेव्हवरचं. १९५२ साली आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं आणि अख्खा देश सिलोनकडे वळला. त्याच डिसेंबरात अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. सुरुवातीला ती स्पर्धाच होती. दर बुधवारी सात गाणी वाजत, त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजार पत्रं आली, वर्षभरात आठवड्याला ६५ हजार! शेवटी पत्रं आवरेनात म्हणून स्पर्धा बंद करून गाण्यांची क्रमवारीच सुरू केली. सुप्यात एका दुकानदाराकडे बॅटरीवरचा मोठा रेडिओ होता; त्याच्यापुढे पोरं कागद-पेन्सिल घेऊन बसत. सात गाण्यांचे क्रम ५०४० होतात, हे गणित मामा मला फार अभिमानाने सांगायचा. बक्षीस अर्थातच कधी लागलं नाही.

पुढे घरी ट्रान्झिस्टर आला आणि मामा फर्माइशींकडे वळला. गाणं गौण. निवेदकाच्या तोंडून आपलं नाव आणि पुढे ‘सुपा’ ऐकायचं, एवढ्यासाठी पोस्टकार्डं जात. नाव आलं की शेजारचे अंगणातूनच ओरडत, "आलं रे, आलं!"

काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं ते सुपा धरणात गेलं. गणेशगुडीला उभं राहिलं की १०१ मीटर उंचीची भिंत दिसते, मागे नुसतं पाणी. तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं, बऱ्याच विस्थापितांना रामनगरला जागा मिळाल्या. आमचं आजोळही तिथेच.

मामाची कार्डं तिथूनही जात राहिली. पत्ता लिहिताना ‘रामनगर’ आणि पुढे कंसात ‘सुपा’. निवेदक बहुधा नुसतं रामनगर वाचत. एकदाच कुणीतरी पूर्ण वाचलं. त्या दिवशी गाणं कुठलं लागलं, ते मात्र घरात कुणालाच आठवत नाही.