बाजूला उभे राहा

विमानतळावर ताटकळणं ही काही गोंयकाराला नवलाची गोष्ट नाही. आमच्याकडे घरटी एक तारवटी नाहीतर एक आखातातला, त्यामुळे विमानाच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी बांधला. 1955 पासून तिथून त्यांची विमानं दमण, दीव आणि कराचीला जायची, हे आमच्या घरातली म्हातारी माणसं कौतुकाने सांगत. 1961 नंतर धावपट्टी नौदलाकडे गेली. मग सकाळचे तास नौदलाच्या सरावाला राखलेले आणि उरलेल्या वेळात प्रवासी विमानांची दाटी, असा संसार आम्ही वर्षानुवर्षं पाहिला. 2013 च्या अखेरीस दाबोळीला नवी इमारत झाली, जानेवारी 2023 पासून मोपाहूनही विमानं उडू लागली. त्यावर गोव्यात भरपूर लिहून झालंय. मी आज त्यावर लिहीत नाही.

मला सांगायचंय ते संतपूरच्या एका मुलाबद्दल आणि आम्ही दोघांनी मिळून काढलेल्या एका रात्रीबद्दल.

संतपूर कुठे, असं तुम्ही विचाराल. मलाही ठाऊक नव्हतं. कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात औराद तालुका आहे, त्यातलं हे गाव. फोंड्याला आमच्या घरावर मजला चढवत होतो तेव्हा हा मुलगा गवंड्याच्या हाताखाली कामाला होता. आजूबाजूचे सगळे त्याला 'घाटी' म्हणत, जरा सभ्य असलेले 'कानडी' म्हणत. मीही तसंच समजत होतो. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत तो सिमेंटच्या पोत्यावर बसून आमचा रद्दीतला मराठी पेपर वाचताना दिसला, अग्रलेखासकट! मी विचारलं, "तुला मराठी येतं?" तर हसून म्हणाला, "काका, आमी मराठीच की."

नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. बीदर जिल्हा निजामाच्या राज्यातला. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा त्या जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि बीदर, भालकी, औराद म्हैसूर राज्यात. त्यामुळे संतपूरच्या माणसाला घरात मराठी, कचेरीत कानडी आणि बाजारात दखनी उर्दू लागते. तीन भाषा येणारा हा मुलगा आमच्या गल्लीत 'घाटी' म्हणून वावरत होता, हे आठवलं की आजही मला ओशाळल्यासारखं होतं. तीन भाषा आम्हालाही येतात, पण आम्ही त्याला संस्कृती म्हणतो.

पुढे तो चांगला टाइल बसवणारा कारागीर झाला आणि 2018 च्या शेवटी त्याला शारजाचं काम मिळालं. माझी मुलगी तिथेच असते, मलाही जायचं होतं. म्हटलं, एकाच विमानाने जाऊ. त्याआधी चार दिवस संतपूरला ये, असा त्याच्या आईचा आग्रह. गेलो.

डिसेंबर सरत आलेला. रानात हुरडा सुरू झालेला, तुरीच्या शेंगा भरलेल्या. कडक भाकरी, तुरीचं घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी... मासळीशिवाय चार दिवस गेले आणि मला आठवणही झाली नाही, यावरून काय ते ओळखा. गोठा मात्र रिकामा होता. देवणी बैलांची जोडी विकून एजंटाचे पैसे भरले होते. उरलेले व्याजाने काढले. आईने हे मला सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे, हिशेब माहीत असावा म्हणून.

एका सकाळी अंगणात बसलो असताना डोक्यावरून विमानांचा आवाज गेला. कोणी वर पाहिलंसुद्धा नाही. बीदरला हवाई दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. 'सूर्यकिरण' हे कसरती करणारं पथक 1996 मध्ये तिथेच स्थापन झालं. म्हणजे या गावच्या पोराने जन्मल्यापासून विमानं पाहिलेली, पण विमानात बसायचं तर परमुलखात जावं लागे. बीदरला प्रवासी टर्मिनलची इमारत होती, पण ती कित्येक वर्षं नुसतीच उभी होती. हैदराबादचा नवा विमानतळ मार्च 2008 मध्ये सुरू झाला, त्याच्या करारात 150 किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ उभा करायचा नाही अशा अर्थाची अट होती आणि बीदर त्या वर्तुळात सापडलं. फेब्रुवारी 2020 मध्ये एकदाची बीदरहून बेंगळुरूला सेवा सुरू झाली. नंतर ती मधेच बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची. आमच्या वेळी तेवढंही नव्हतं.

खरं तर हैदराबाद सगळ्यात जवळ. पण एजंटाने स्वस्तातलं तिकीट काढलं ते दुसऱ्याच एका शहरातून. त्या शहराचं नाव घेत नाही, त्याने काही फरक पडत नाही. निघताना आईने धपाट्यांचं गाठोडं दिलं आणि मला म्हणाली, "लेकरू तुमच्या हवाली हाय, भाऊ." मी अगदी रुबाबात म्हटलं, "काळजी करू नका आक्का, मी आहे ना."

विमान रात्री दहा चाळीसचं. आम्ही सहालाच हजर. बारा नंबरच्या खिडकीसमोर रांग लावा म्हणाले, लावली. तासाभराने कुठूनतरी कुजबूज आली की सामान अठरा नंबरला घेतायत. घोषणा नाही, पाटी नाही. सगळी रांग मोडून तिकडे धावली आणि जे पहिले होते ते शेवटचे झाले. कडेवर मूल घेतलेली एक बाई माझ्यापुढे होती, ती नंतर कुठे मागे गेली कळलंच नाही. मी जाऊन इंग्रजीत चार शब्द सुनावले. तिथल्या तरुणाने 'सॉरी सर' म्हटलं आणि आम्हा दोघांना पुढे घेतलं. तेव्हा मला ते बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढे इमिग्रेशन. दहा टेबलं, त्यांतल्या तीनवर माणसं. पावणेदहाला आमची पाळी आली. माझं काम दोन मिनिटांत झालं. शिक्का बसला, मी पलीकडे गेलो आणि वळून पाहतो तो त्याला थांबवलेलं.

कारण समजायला सोपं आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शिक्का असतो. 1983 च्या कायद्याप्रमाणे अशा माणसाला आखातात कामाला जायचं तर सरकारी मंजुरी लागते, एजंटाने नाडू नये, तिकडे मालकाने फसवू नये म्हणून. हेतू चांगला आहे, आणि गोव्यातूनही कितीजणांना आखातात नेऊन फसवलेलं आपण ऐकलंय. ही मंजुरी त्याच्याकडे होती. कागद मी स्वतः पाहिला होता. पण टेबलावरच्या माणसाने कागद पाहिला, संगणकाकडे पाहिलं आणि हाताने खूण केली. बाजूला उभे राहा.

मी परत जाऊ लागलो तर शिपायाने अडवलं. शिक्का बसलेल्याला मागे येता येत नाही. "तो माझ्याबरोबर आहे," मी म्हणालो. "आप चलिए, आ जाएगा," तो म्हणाला. भिंतीलगत आणखी सहा-सातजण तसेच उभे होते, हातात पासपोर्ट आणि प्लास्टिकच्या पिशव्या. नंतर कळलं, कोणी सिवानचा, कोणी जगतियालचा. काचेपलीकडून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हाताने 'काही नाही, होईल' अशी खूण केली आणि पुढे ढकलला गेलो.

दहा चाळीस झाले. बोर्डावर आमच्या विमानापुढे 'वेळेवर' असं झळकत होतं. काचेबाहेर विमानच नव्हतं! दाराशी कोणी माणूस नव्हता. फोन लावला तर बंद. नंतर समजलं, तिथे फोन बंद ठेवायला लावतात. मी एका खुर्चीवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. एक कॉफी घेतली, ती पिववेना. काय सांगू तिच्या आईला, एवढंच डोक्यात. मी पुढे आलो आणि तो मागे राहिला, असं सांगू?

साडेअकराला बोर्डावर दोन वाजताची वेळ आली. साडेबाराला चार. लोक चिडले, एका गृहस्थाने टेबलावर हात आपटला, एकाने चित्रीकरण सुरू केलं. चिडावं तर मीही चिडायला हवं होतं, अशा ठिकाणी मी साधारणपणे पुढे असतो. पण माझ्या मनात एकच होतं, अजून उशीर होऊ दे. पाचचं करा. सकाळचं करा.

सव्वाएकला तो दिसला. लांबून चालत येत होता, पिशवी छातीशी धरून. मी जवळजवळ धावलो. "काय झालं रे?"

"काय म्हाईत, काका. उबं राहा म्हनले, उबं राहिलो. मग जा म्हनले."

"पण काय अडचण होती? काही सांगितलं?"

"न्हाई."

"तू विचारलंस का?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. साडेतीन तास तो भिंतीशी उभा होता. संगणक बंद पडला होता की पाळी बदलल्यावर नव्या माणसाला कागद सापडला, मला आजही ठाऊक नाही. विमान वेळेवर सुटलं असतं तर तो तिथेच राहिला असता. तिकीट गेलं असतं, काम गेलं असतं, बैल तर आधीच गेले होते.

संतपूरच्या स्टँडवर मी दोन तास बसची वाट पाहिली होती. बस आलीच नाही. पण तिथल्या चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत प्रत्येकाला ठाऊक होतं की औरादच्या पुढे गाडी फेल झालीय, आणि विचारायच्या आत प्रत्येकजण ते सांगत होता. एका म्हातारीने तर मला घरी जाऊन झोपा म्हणून सांगितलं.

आम्ही खांबाशेजारी जमिनीवर बसलो. उशीर झालेल्यांना सँडविच देतायत अशी खबर आली, मी रांगेत जाईपर्यंत ती संपली. मग त्याने गाठोडं सोडलं. धपाटे थंड झाले होते, चटणीचं तेल फडक्याला लागलेलं. ती बाई मूल घेऊन समोरच बसली होती. त्याने दोन धपाटे तिला नेऊन दिले, मला सुचलं नव्हतं. खाताना त्याने विचारलं, "काका, बोर्डावर काय म्हणायलालेत?" वर पाहिलं, तर चारच्या जागी पुन्हा 'वेळेवर' आलं होतं. आम्ही दोघेही हसत सुटलो.

विमान साडेचारला उठलं. शारजाला उतरलो तेव्हा पहाटेचा उजेड होता. कंपनीचा माणूस पाटी घेऊन आला होता. जाण्याआधी त्याने माझ्या फोनवरून आईला फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि फोन माझ्या हातात दिला.

"पोचलाव का सुखरूप? काय तरास न्हाई ना झाला, भाऊ?"

"नाही आक्का," मी म्हटलं. "सगळं वेळेवर झालं."