गाळणीत वाढलेली पिल्लं

कूली लोच या माशाच्या मादीचं पोट अंड्यांनी भरलं, की ते बाहेरून दिसतं. पोटाची कातडी इतकी पातळ असते, की आतली अंडी फिकट हिरव्या रंगात उमटून येतात. मत्स्यालय बाळगणाऱ्यांत ही खूण बहुतेकांना ठाऊक असते. पिल्लं पाहिलेले मात्र थोडे. हा मासा रात्री हिंडतो, पानांच्या आणि मुळांच्या जाळ्यात अंडी टाकून मोकळा होतो आणि त्यांची राखण करत नाही. सकाळपर्यंत टाकीतल्या इतर माशांनी, कधी खुद्द आईबापांनीही, ती फस्त केलेली असतात. त्यामुळे घरच्या टाकीत लोचची पिल्लं वाढवायची, तर त्यांना कुणाच्या हाती न लागण्याजोगी जागा आधी करून द्यावी लागते.

ठाण्यातली एक विज्ञानशिक्षिका कित्येक वर्षं हेच करत आली आहे. लोचशी तिची ओळख मात्र ओढ्यातली.

तिचं लहानपण कोल्हापूर जिल्ह्यात, पंचगंगेला मिळणाऱ्या एका नदीच्या काठी गेलं. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, की चढणीचे मासे धरायला गाव ओढ्यावर लोटायचं. खाण्याजोगे मासे मोठी माणसं न्यायची; पोरांच्या वाट्याला दगडाखालचे बोटभर मासे यायचे. मिशा असलेले, वाळूच्या रंगाचे, हातातून निसटणारे. त्यांतला एक अंगभर बारीक पट्टे असलेला होता. तो मुठीत धरला की बोटाला टोचायचा. या कुळातल्या माशांच्या डोळ्याखाली एक काटा असतो. एरवी तो खाचेत मिटलेला असतो. मासा घाबरला की उभा राहतो, जाळीतही अडकतो. मोठी माणसं म्हणायची, "सोड गं त्याला, खायच्या कामाचा नाही तो." ती सोडायची, पण आधी ओंजळीत धरून पट्टे मोजायचा प्रयत्न करायची. ते इतके दाट, की मोजणं कधी पुरं व्हायचं नाही.

या माशाचं नाव तिला कॉलेजात कळलं: बोटिया स्ट्रायाटा, बाजारात झेब्रा लोच. सी. आर. नारायण राव यांनी 1920 साली शिमोग्याजवळच्या तुंगा नदीतल्या माशांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हेच राव पुढे 'करंट सायन्स' या नियतकालिकाचे पहिले संपादक झाले. हा मासा जगात फक्त पश्चिम घाटातल्या नद्यांत सापडतो, हे वाचल्यावर गावच्या ओढ्याकडे पाहण्याची तिची नजरच बदलली.

लग्नानंतर ती मुंबईकडे आली. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झालेलं. मुंबईत मासे बघायचे तर तिथेच, असं तेव्हा घरोघरी समजलं जायचं. तिलाही ते आवडलं. पण तिच्या मनात घर केलं ते क्रॉफर्ड मार्केटातल्या एका दुकानानं. तिथे हवा भरून रबर लावलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत तिचा तो पट्टेवाला मासा विकायला टांगला होता. दुकानदाराला विचारलं, हे कुठून येतात? तो म्हणाला, "नदीतून येतात ताई, हे कुणी काढत नाही." माशांच्या धंद्यात 'काढणं' म्हणजे पिल्लं काढणं. ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही.

दुकानदाराचं म्हणणं खरं होतं. लोचच्या बऱ्याच जाती टाकीत वर्षानुवर्षं जगतात, पण वीण करत नाहीत. नारिंगी अंगावर काळे पट्टे असलेला क्लाऊन लोच सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला. घरच्या टाकीत त्याची पिल्लं झाल्याची उदाहरणं अतिशय विरळा. इंडोनेशियातल्या मत्स्यकेंद्रांत संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन ती काढली जातात. थायलंडमधला चिमुकला चेन लोच नैसर्गिक पाण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. बाजारातले चेन लोच बहुतांशी अशाच केंद्रांत वाढवलेले असतात. झेब्रा लोचची वीण घरी होणं कठीण, हे तिनं ओळखलं. म्हणून तिनं शिकायला सोपी जात निवडली: कूली लोच.

या माशाचं नाव हाइनरिश कूल या जर्मन निसर्ग-अभ्यासकावरून पडलं. तो जावा बेटावर आला आणि 1821 साली वयाच्या तेविसाव्या वर्षी तिथेच वारला. दुकानांत कूली म्हणून मिळणारे बहुतेक मासे एका जवळच्या जातीचे, पँजिओ सेमिसिंक्टा, असतात. मलाया, सुमात्रा, बोर्निओतल्या संथ, सावलीतल्या ओहोळांत कुजत्या पानांच्या थरात ते राहतात. टाकी लावताना तिनं तोच थर डोळ्यांसमोर ठेवला.

तळाला खडीऐवजी बारीक वाळू घातली. लोच वाळूत तोंड खुपसून अन्न शोधतो आणि टोकदार खडीनं त्याच्या मिशा झिजतात. मागच्या बाजूला क्रिप्टोकोरिन लावली. या वनस्पतीच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतही उगवतात. लाकडाला जावा फर्न बांधलं, कोपऱ्यात जावा मॉसचा दाट गुंता वाढू दिला, वर तरंगत्या वनस्पतींचं छत केलं. तळाशी देशी बदामाची वाळकी पानं पसरली. त्यांनी पाणी चहाच्या रंगाचं झालं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "अगं, हे पाणी बदलायचं नाही का?" तिनं समजावलं, की या माशांना असंच पाणी लागतं. मुंबई-ठाण्याच्या नळाला सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी येतं. ते बोअरवेलच्या पाण्यासारखं जड नसतं, याचा फायदा झाला. क्लोरीन जावं म्हणून मात्र ते बादलीत साठवून मगच टाकीत घालायचं.

दिवसा या टाकीत काही दिसत नाही. शेजारचा मुलगा काचेला नाक लावून म्हणायचा, "मावशी, यात मासेच नाहीत." ती खोलीतले दिवे मालवायची आणि टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून त्याच्या हाती द्यायची. थोड्या वेळानं पानाच्या कडेखालून एक मिशाळ तोंड बाहेर यायचं, मग दुसरं. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची लांबोडकी अंगं एकमेकांवरून सरकत वाळू चाळू लागायची. मुलगा श्वास रोखून बघत बसायचा.

पावसाळा लागला, की ती टाकीतलं थोडं पाणी काढून किंचित गार पाणी घालायची. ओढ्याला पहिलं पाणी आल्यावर मासे अंडी घालायला चढणीला लागतात, हे तिनं लहानपणी पाहिलेलं होतं.

पिल्लं सापडली ती गाळणी धुताना. गाळणीचा स्पंज नळाखाली धुतला, तर क्लोरीनमुळे त्यातले उपयोगी जीवाणू मरतात. हेच जीवाणू माशांच्या विष्ठेतला विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्याहून सौम्य नायट्रेटमध्ये बदलतात. म्हणून ती टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन स्पंज पिळत असे. त्या दिवशी गाळणीचा डबा उघडला, तर तळच्या गाळात शेवईच्या तुकड्यासारखं काहीतरी वळवळलं. भिंग आणून पाहिलं: पारदर्शक अंग, दोन काळे डोळे, पाठीवर नुकते धरू लागलेले पट्टे. डब्याच्या फटींतून अंडी आत ओढली गेली होती. आत मोठ्या माशांचं तोंड पोचत नव्हतं, पाणी सतत खेळतं होतं आणि गाळात सूक्ष्म जीवांचं खाणं भरपूर होतं. कूलीची पिल्लं गाळणीत सापडल्याचे अनुभव देशोदेशीच्या हौशी लोकांना आले आहेत, ते याच कारणानं.

तिनं ती पिल्लं पेल्यानं अलगद उचलून लहान टाकीत ठेवली. पाणी मोठ्या टाकीतलंच, मॉसही तिथलंच. हवेच्या पंपावर चालणारी मंद स्पंज गाळणी. अंड्यातून पिल्लू साधारण दिवसभरात बाहेर येतं. सुरुवातीला त्याचे कल्ले बाहेर लोंबत असतात आणि तोंड इतकं बारीक, की कोरडं खाद्य त्याला घेता येत नाही. त्यासाठी केळ्याची साल पाण्यात कुजवून, उन्हात ठेवून ती सूक्ष्म जीवांचं पाणी तयार करते. पिल्लं जरा मोठी झाली, की मिठाच्या पाण्यात हवा सोडून उबवलेले आर्टेमिया, ओटवर वाढवलेले मायक्रोवर्म. खाणं थोडं, पण दिवसातून अनेकदा. उरलेलं रोज नळीनं ओढून काढायचं. या वयात पिल्लं उपाशी मरतात, त्याहून जास्त घाण पाण्यानं मरतात. त्यांची वाढ सावकाश होते. तिची घाई करून भागत नाही.

हा खटाटोप कशासाठी, असं तिला विचारणारे भेटतात. ती 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा दाखला देते. त्यानुसार 2005 ते 2012 या काळात संकटग्रस्त ठरलेल्या 30 जातींचे किमान 15 लाख गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी भारतातून परदेशी गेले. त्यांत सर्वांत मोठा वाटा असलेल्या मोजक्या जातींत झेब्रा लोच आहे. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो धोक्यात आलेली जात म्हणून नोंदलेला आहे. धरणं, वाळूउपसा आणि सांडपाणी यांनी त्याच्या नद्या आधीच आक्रसल्या आहेत. त्यात माशांचा हा उपसा.

कूलीच्या चार पिल्लांनी झेब्रा लोच वाचणार नाही, हे ती जाणते. पण लोचची वीण घरी साधते हे ज्यांनी पाहिलं, ते दुकानात गेल्यावर 'हा कुठून आला' असं विचारू लागतात, असा तिचा अनुभव आहे. वाचकांनीही तेवढं करावं. लोच घ्यायचा असेल तर वाढवलेला घ्यावा, नदीतून धरलेला नको. टाकीत वीण झाली तर महिना, पाण्याचं तापमान, दिलेलं खाणं यांची नोंद ठेवावी. झेब्रा लोचसाठी धडपडणाऱ्याला ती उद्या उपयोगी पडेल. आणि पिल्लं जास्त झाली तर शेजाऱ्याला द्यावीत, शाळेला द्यावीत, दुकानदाराला द्यावीत; नदीत किंवा तळ्यात मात्र कधीही सोडू नयेत.